न पडणारी इमारत

"सर, इमारत पडतच नाही," नाझनीन म्हणाली.

मी मॉडेलसाठी सनबोर्डच्या पुठ्ठ्यातून खिडकी कापत होतो. हात न थांबवताच म्हटलं, "पडत नाही म्हणजे काय? अकरा माणसं गेलीत गं त्या इमारतीत. सगळ्या कोल्हापूरनं बघितलंय."

"ते मला माहीत आहे हो. पण इथं पडत नाही." तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर श्रीकृपा अपार्टमेंट उभी होती, तळमजला आणि वर तीन मजले, ताण नसल्याच्या हिरव्या रंगात. "माल हलका धरला, वाळू जास्त धरली, भिंतीतली ओल धरली. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली धरली. थोडी पिवळी होते आणि परत गप उभी राहते."

"मग सांग तुझ्या त्या डब्याला, की बाबा, झालंय ते होऊन गेलंय. आता पड."

ती हसली नाही. मलाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. माझी जीभच तशी आहे, काय करणार?

याला आता नऊ वर्षं झाली. त्या वेळी माझं मॉडेल बनवायचं वर्कशॉप उद्यमनगरात होतं. बिल्डर लोकांसाठी मी त्यांच्या इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करायचो. स्पंजची झाडं, निळ्या काचेचा पोहण्याचा तलाव, गेटवर रखवालदार, आत दिवे. गिऱ्हाइकानं वाकून बघायचं, "आपला फ्लॅट कुठला हो?" म्हणून विचारायचं आणि पटायचं. आयुष्यभर मी न बांधलेल्या इमारती बनवल्या. उभी राहून पडलेली इमारत बनवायची वेळ ती पहिलीच.

श्रीकृपा पडली ती ऑगस्टमध्ये, भर सकाळी. विटांची इमारत, काँक्रीटचे खांब असे नव्हतेच, सगळा भार भिंतींवर. चौकशी समिती बसली. तिचे प्रमुख देशमाने साहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, मोठा सरळ माणूस. ते म्हणाले, "आरेकर, वकिलांना नकाशा दाखवला की ते डोळे मिटतात. मला एक एक मजला उचलता येईल असं मॉडेल द्या. आणि ते कुठून मोडलं हे शोधायला ही मुलगी तुमच्या शेजारी बसेल." ही मुलगी म्हणजे नाझनीन मुजावर. नुकतीच मोठी पदवी घेऊन आलेली, बोलायला चुरुचुरु, आणि माझ्या गमच्या वासानं तिचं डोकं उठायचं.

पहिला आठवडा आम्ही नुसते भांडलो. ती म्हणायची, "सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तुमचा पुठ्ठा कशाला?" मी म्हणायचो, "तुझ्या काचेला हात लावून बघ, लागतंय का काही हाताला." मग तिनंच एक युक्ती काढली. माझं मॉडेल मी पांढरंशुभ्र ठेवायचं, आणि प्रत्येक भिंत सुटी, खाचेत बसणारी करायची. वर लोखंडी स्टँडवर तिनं एक कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर टांगला. भिंत उचलली की कॅमेऱ्याला कळायचं, कॉम्प्युटर नवा हिशेब करायचा, आणि प्रोजेक्टर त्याचं उत्तर माझ्याच भिंतींवर रंगानं पाडायचा. हिरवं म्हणजे ठीक. पिवळं म्हणजे ताण आलाय. लाल म्हणजे मोडलं. पहिल्यांदा माझ्या पांढऱ्या भिंतींवर तो हिरवा रंग सांडला तेव्हा मी खुळ्यासारखा बघतच राहिलो. इतकी वर्षं हे काम करतोय, पण माझं मॉडेल जिवंत झाल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. नाझनीनला मी ते बोलून दाखवलं नाही. तिचं डोकं आधीच जाग्यावर नव्हतं.

तर सगळं जमलं, फक्त इमारत पडेना.

"घरांमधलं वजन घालायचं राहिलंय," नाझनीन म्हणाली. "कुणाकडं लोखंडी कपाटं असतील, कुणी पाण्याची पिंपं भरून ठेवली असतील. लोकांनाच विचारू या."

"विचारू नको," मी म्हटलं. "त्यांच्याकडूनच मांडून घेऊ."

ही माझी जुनी पद्धत. माणसापुढं नकाशा ठेवला की तो मान डोलावतो, त्याला कळलेलं काहीच नसतं. पण काडेपेटीएवढं कपाट त्याच्या हातात द्या, बोटाएवढी खाट द्या, आणि म्हणा, मांडा आपलं घर. मग तो चुकत नाही. हात आपोआप जातो. म्हणून मी लाकडाच्या खाटा, कपाटं, शेगड्या, शिवणयंत्रं, देव्हारे असा सगळा संसार ताटभर करून ठेवला, आणि एकेका बिऱ्हाडाला बोलवायला लागलो.

ते बघणं फार वाईट होतं हो. दुसऱ्या मजल्यावरचा एक माणूस टीव्ही हातात धरून नुसता बसून राहिला. पहिल्या मजल्यावरच्या रत्नमाला चौगुले आल्या. त्यांचा मुलगा अभय त्या इमारतीत गेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. बाईंनी खाट खिडकीखाली ठेवली, पुन्हा उचलली, जरा तिरकी ठेवली. म्हणाल्या, "अशीच होती. नीट लाव म्हटलं की रागवायचा." मग बिल्डरच्या नावानं त्यांनी बोटं मोडली. "तळपट होईल त्याचं! माझ्या पोराला मातीत घातलं त्यानं. सडून मरेल मेला!" नाझनीननं त्यांना पाणी दिलं, तेवढ्यात मी मागच्या खोलीत निघून गेलो. मला सोसलं नाही.

बाईंना घेऊन आले होते खटावकर. मुरलीधर खटावकर, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहायचे. त्यांची बायको शालन त्या सकाळी घरात होती. अर्धांगवायूनं तिचे पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीत असायची. खटावकर दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागं आवाज झाला.

ही चौकशी लागली तीच मुळी या माणसामुळं. कलेक्टर कचेरीपुढं उपोषणाला बसले ते हेच. कोर्टात गेले तेही हेच. बिल्डरचा वकील म्हणत होता की राहणाऱ्या लोकांनीच भिंती तोडल्या असतील. त्यावर खटावकरांनी प्रत्येक घरी जाऊन विचारलं होतं, "कुणी भिंत पाडली असेल तर आत्ताच सांगा, नंतर तोंडघशी पडायला नको." सगळ्यांनी देवाशपथ नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. रोज माझ्या वर्कशॉपवर त्यांची चक्कर असायची. नाझनीनच्या मागं उभं राहून विचारायचे, "काही कळलं का, बाई? कुणामुळं झालं हे?"

एकदा मी त्यांना म्हटलं, "खटावकर, जरा घरी बसा की. तब्येत बघा आपली."

ते म्हणाले, "आरेकर, मला त्या माणसाचं नाव पाहिजे. शालनला कुणी मारलं त्याचं. तेवढं ऐकलं की मी घरी बसतो. मग मला काही नको." त्यात नाटक असं काही नव्हतं. या माणसाला जगायला तेवढं एकच कारण उरलेलं होतं, आणि ते आमच्या टेबलावर होतं.

आपली पाळी त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आधी बाकीच्यांचं होऊ दे, म्हणाले. ज्या दिवसाचं मी सांगतोय, त्या दिवशी दुपारी ते एकटेच आले. रत्नमालाबाई बालवाडीत नोकरीला होत्या, सुटल्यावर येणार होत्या. दोघं एकाच बसनं परत जायचे. भाड्यानं घेतलेल्या खोल्याही त्यांनी एकाच गल्लीत बघितल्या होत्या.

"खुर्ची केलीत का?" त्यांनी विचारलं.

केली होती. सोनाराकडची बारीक तार आणून, चाकं फिरतील अशी. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटानं चाक फिरवून बघितलं.

"फिरतंय की," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसले. "शालनला आवडली असती. तिला बारीकसारीक वस्तूंचा फार नाद."

मी वरचे मजले उचलून बाजूला ठेवले. तळमजला उघडा झाला. वरून प्रोजेक्टर चालूच होता, भिंतींच्या माथ्यांवर हिरवा रंग. बाजूला काढलेले मजलेही नाझनीननं मोजून ठेवलेल्या जागेवर होते, म्हणजे हिशेबात त्यांचा भार धरलेलाच राहायचा आणि त्यांच्यावरही त्यांचा त्यांचा रंग पडायचा. खटावकरांनी मांडायला सुरुवात केली. देव्हारा. दोन कपाटं. शालनची खाट, आपली खाट. फ्रिज. प्रत्येक वस्तू ठेवताना काहीतरी बोलत होते, आम्हांला नाही, स्वतःशीच. मग त्यांनी खुर्ची घेतली, शालनच्या खाटेशेजारी ठेवली आणि एका बोटानं हळूच ढकलत दारातून बाहेर काढली. बाहेर काढून स्वयंपाकघराकडं वळवायला गेले, तर ती अडकली.

"वळत नाही ही," ते म्हणाले.

"जागा अरुंद आहे तिथं," मी म्हटलं. "एक दार बेडरूमचं, एक स्वयंपाकघराचं, मध्ये भिंतीचा तुकडा. नकाशात आहे तसंच केलंय."

"छे छे. दोन दारं कुठली? एकच होतं, मोठं." त्यांनी मान हलवली. "आम्ही दार मोठं करून घेतलं होतं ना. पहिल्यांदा ही अशीच अडकायची. चौकटीला घासून शालनच्या कोपराची सालं जायची. मग गवंडी बोलावून हा मधला तुकडा काढून टाकला."

आणि माझ्या काही ध्यानात यायच्या आत त्यांनी दोन बोटांनी तो भिंतीचा तुकडा खाचेतून उपसला.

"हे बघा. आता बघा." खुर्ची सुळकन वळली आणि स्वयंपाकघरात गेली. "ज्या दिवशी दार झालं ना, त्या दिवशी तिनं स्वतः चहा केला. दोन वर्षांनी. मला म्हणाली, तुम्ही बसा हो, आज मी करते."

मी त्यांचं ऐकत होतो, पण डोळे मॉडेलवर होते. जिथून तुकडा निघाला होता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पिवळ्या झाल्या. मग लाल. मग बाजूला ठेवलेल्या पहिल्या मजल्यावर त्याच जागी लाल. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. नाझनीनच्या तोंडातून "या अल्ला" असं निघालं, अगदी हळू.

खटावकरांनी मान वर केली. "हा लाल रंग कशाचा?"

नाझनीननं लॅपटॉपचा पडदा स्वतःकडं वळवला.

"बाई, हा लाल कशाचा? आधी नव्हता हा." आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "सापडलं का? सापडलं ना! मोडलं कुठून ते सापडलं! कुठं गफलत केली त्यानं? पाया घालतानाच केली ना? मी म्हणतच होतो!"

"काका, तुम्ही जरा बसा," नाझनीन म्हणाली.

"बसतो की. पण नीट सांग मला." ते बसले. बसताना, टपालातल्या माणसाला कुठलीही वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय असते तशी, त्यांनी हातातला तुकडा परत खाचेत बसवला.

सगळं हिरवं झालं.

ते बघत राहिले. मग तुकडा काढला. लाल. परत बसवला. हिरवं. मला वाटलं, आता ओरडतील, मॉडेल फेकून देतील. फेकलं असतं तर बरं झालं असतं. पण ते एखादा कुलूप-किल्ली तपासणारा माणूस बघतो तसे शांतपणे तपासत होते. काढायचे, बसवायचे, काढायचे. रंग चढायचा, उतरायचा. शेवटी त्यांनी तुकडा काढला तो हातातच ठेवला.

"चौगुले वहिनींचं दार," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आमच्या डोक्यावरच त्यांचं घर. आमचं काम झालं त्याच आठवड्यात त्यांचं दार अडकायला लागलं. लागेना, उघडेना. आम्ही म्हटलं, पावसानं लाकूड फुगलंय. मीच सुतार पाठवला रंधा मारायला. दोनदा पाठवला."

"खटावकर, ऐका," मी म्हटलं. "कॉम्प्युटर आहे तो. त्याला काय कळतंय? चुकतो तो. काल म्हणत होता इमारत पडतच नाही, आज म्हणतोय पडली. अशा डबड्यावर..."

"चुकतो का, बाई?" त्यांनी नाझनीनला विचारलं.

नाझनीननं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. "काका, बिल्डरचा माल हलका होता. वाळू जास्त होती, हे खरंच आहे. तपासणीत आलंय ते. माल चांगला असता तर दार मोठं करूनसुद्धा कदाचित..."

"कदाचित नको. माल होता तसाच धर. आणि ही भिंत असती तर?"

ती बोटाची ओढणी सोडवायला लागली.

"सांग पोरी. तू खोटं सांगितलंस तरी मला तुझ्या तोंडावरून कळणार आहे."

"उभी राहिली असती," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

खटावकर रडले नाहीत. ते तुकड्याकडं बघत होते. मी मात्र भडकलो. कुणावर ते विचारू नका. नाझनीनवर, प्रोजेक्टरवर, त्या कधी न बघितलेल्या गवंड्यावर. गमची बाटली उचलली आणि म्हटलं, "आणा तो इकडं. आणा म्हणतो ना! ही भिंत मी आत्ता चिकटवून टाकतो. परत निघायची नाही. नकाशात भिंत आहे, मॉडेलमध्ये भिंत आहे, विषय संपला. नाझनीन, तू काही बघितलेलं नाहीस."

"आणि अहवालात काय लिहू?" ती डोळे पुसत म्हणाली. "इमारत पडत नाही असं?"

"लिही! माल हलका होता म्हणून लिही. खोटं आहे का ते? नाही ना? मग जाऊ दे त्या बिल्डरला आत. या माणसानं काय पाप केलंय? बायकोला खुर्ची फिरवता यावी म्हणून दार मोठं केलं त्यानं, दार!"

"सर, मला कळत नाही का?"

"मग?"

"मग मलाच विचारा की," खटावकर म्हणाले. "मी इथंच बसलोय. माझ्याबद्दलच बोलताय ना?" त्यांनी तुकडा माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला. "चिकटवू नका, आरेकर. तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय. पण दहा घरांत फिरून मी लोकांना दम दिलाय, भिंत कुणी पाडली सांगा म्हणून. एका बाईला तर मी इतकं बोललो की तिनं मला घरात पाणीसुद्धा विचारलं नाही. आता माझी पाळी आली म्हणून मी गम लावू?"

"तुम्हांला माहीत नव्हतं हो," नाझनीन म्हणाली.

"नव्हतं. कुणी विचारलं असतं भिंत पाडली का, तर माझ्या मानेवर सुरी ठेवली असती तरी मी नाही म्हटलं असतं. दार मोठं केलं, त्याला भिंत पाडणं म्हणतात का कुणी?" मग म्हणाले, "मला नाव पाहिजे होतं. रोज येऊन विचारत होतो तुम्हांला. असलं कसलं विचारत होतो मी!"

आणि तेव्हा मात्र त्यांना रडू आलं. तोंडावर दोन्ही हात घेऊन ते रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करता येतं? मोठ्या माणसाचं रडणं ऐकायची माझी ताकद नाही, पण त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलो नाही.

समितीच्या अहवालात पुढं दोन्ही आलं, हलका मालही आणि तळमजल्यावरचं दारही. खटावकरांनी स्वतः देशमाने साहेबांसमोर उभं राहून तुकडा काढून दाखवला. बिल्डरच्या वकिलानं व्हायचा तेवढा फायदा करून घेतला, बिल्डर स्वस्तात सुटला. पेपरमध्ये आलं ते सगळं. लोक अजून मला त्याबद्दल विचारतात, मी सांगतो, तो रंगाचा खेळ कसा केला होता वगैरे. पण तो तुकडा निघाला त्याच संध्याकाळचं पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बालवाडी सुटल्यावर रत्नमालाबाई आल्या. फाटकातूनच त्यांचा आवाज आला. "चला हो भाऊजी, आज बसला मरणाची गर्दी आहे. झालं का तुमचं घर लावून?"

खटावकर उठले. मी म्हटलं, "आज नको सांगू. उद्या सांगा. मी येतो बरोबर." अहो-जाहो विसरून मी त्यांना एकेरीत बोललो, इतका घाबरलो होतो.

"बसमध्ये तिच्या शेजारी कसा बसू मी?" ते म्हणाले आणि बाहेर गेले.

वर्कशॉपच्या पुढं मोकळं अंगण होतं, तिथं लाकडाच्या फळ्या रचलेल्या असायच्या. बाई फळ्यांवर टेकल्या होत्या, पायातली चप्पल काढून. ते त्यांच्यासमोर उभे राहिले. मी दारात होतो, नाझनीन माझ्या मागं. ते काय बोलले ते सगळं ऐकू आलं नाही. दार म्हणाले, गवंडी म्हणाले. तुमच्या दाराला रंधा मारला, ते म्हणाले. बाई आधी हसत होत्या, मग त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, कुणी काढायला विसरल्यासारखं.

त्यांनी पायानं चप्पल जवळ ओढली. रस्त्यावरून एक टेंपो गेला.

"म्हणजे बिल्डर नाही?" त्यांनी विचारलं.

"त्याचंही आहे. पण भिंत असती तर उभी राहिली असती. मी विचारलं. इंजिनिअर बाईंना नीट विचारलं."

"अभय तुम्हांला काका म्हणायचा."

"हो."

"दार फोडायच्या दिवशी राडारोडा उचलायला तोच आला होता. अंगभर धूळ घेऊन वर आला. मी ओरडले त्याला."

"हो वहिनी. त्यानंच उचलला सगळा."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हत्या. नुसतं पुसलं. "दीड वर्ष मी रोज सकाळी उठून त्या बिल्डरला शिव्या देते. तोंड धुवायच्या आधी. त्याच्याच जोरावर उठते मी, भाऊजी. तो माझा कोण लागत नव्हता, त्याला दिल्या तर बरं वाटायचं. आता मी कुणाला देऊ?"

"मला द्या."

"तुम्हांला कशा देऊ?" त्या एकदम ओरडल्या. "शालनवहिनींना आंघोळ मी घालत होते! त्यांच्या केसाला तेल मी लावत होते! तुम्हांला कशा देऊ मी शिव्या?"

"द्या वहिनी," खटावकर म्हणाले. "द्याच. मी इथं उभा आहे."

आणि त्यांनी दिल्या. पहिली शिवी अडखळत आली, मग दुसरी, आणि मग जे काही दीड वर्ष दुसऱ्याच्या नावानं रोज निघत होतं ते सगळं बाहेर आलं. तळपट होवो, म्हणाल्या. माझ्या पोराला खाल्लंत, म्हणाल्या. दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर मारलं. उद्यमनगरातली माणसं कामं टाकून फाटकाशी गोळा झाली. नाझनीन पुढं जायला निघाली तर मी तिचा दंड धरला. खटावकर हात खाली सोडून, मान खाली घालून उभे होते. एकदाही मागं सरकले नाहीत. चष्मा पडला तोही उचलला नाही.

शेवटी बाईंचा आवाज बसला. त्या परत फळ्यांवर बसल्या, दम लागला होता. फाटकाशी उभी असलेली माणसं एकेक करून पांगली.

खटावकर जरा वाकले.

"पाणी आणू?" त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"आणा," त्या म्हणाल्या.